बिनहातांची माणसं बघायला

वाळवंटात उतरून, भर उन्हात तासन्‌तास चालून भिंतीवरची चित्रं बघायची, हा बेत माझा नव्हता. तो माझ्या मेव्हण्यांचा, वसंतरावांचा. माझा बेत एवढाच होता की धाकट्या बहिणीकडे, कुसुमकडे, शुगर लँडला जाऊन राहायचं, तिच्या हातचं आयतं खायचं, आणि बार्शीच्या मुलींच्या शाळेत जन्मभर फळ्यापुढे उभं राहून कुरकुरायला लागलेल्या पायांना थोडी विश्रांती द्यायची. पण अमेरिकेतल्या मराठी माणसाला घरी आलेला पाहुणा स्वस्थ बसलेला बघवत नाही. काहीतरी भव्य दाखवल्याशिवाय, आपण देश सोडून इथे आलो ते बरंच केलं, हे त्याचं त्यालाच पटत नसावं.

वसंतराव ह्यूस्टनच्या एका तेलकंपनीत इंजिनिअर. ऑफिसात त्यांना ‘व्हिन्स’ म्हणतात आणि याचा त्यांना अभिमान आहे. हे शहाऐंशी साल. तेलाचे भाव कोसळले होते आणि त्यांच्या ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती, त्यामुळे खरं तर घरात काळजी असायला हवी होती. पण वसंतरावांना काळजी होती ती दिवाळीतल्या स्लाइड शोची. त्यांच्या मराठी मंडळात दर दिवाळीला कुणीतरी आपल्या सहलीच्या स्लाइड्स दाखवतं. आदल्या वर्षी एका डॉक्टरांनी अलास्कातली अस्वलं दाखवून टाळ्या घेतल्या होत्या. यंदा वसंतराव मंडळाचे अध्यक्ष होते, आणि अस्वलांना मागे टाकील असं काहीतरी त्यांना हवं होतं.

“ताई, युटामध्ये एक कॅनियन आहे,” ते एका रात्री जेवताना म्हणाले. “तिथे हजारो वर्षांपूर्वीची पेंटिंग्ज आहेत. लाइफ साइझ. आपल्या मंडळातल्या एकानंही पाहिलेली नाहीत.”

“मग ती चांगली असतील,” मी म्हटलं.

कुसुम खाली मान घालून हसली. वसंतरावांना माझ्या बोलण्यातली खोच कळत नाही. हा त्यांचा एक मोठा गुण आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे कामगार दिनाची सुट्टी येते, तिला जोडून त्यांनी रजा काढली आणि आम्ही तिघं गाडीनं निघालो. वाटेचं वर्णन मी करणार नाही. टेक्सास संपता संपत नाही, आणि संपल्यावर जे लागतं ते त्याहून उजाड असतं, एवढं पुरे. मात्र रस्त्याकाठची एक अमेरिकन रीत सांगण्यासारखी आहे. सृष्टिसौंदर्य कुठे बघायचं हे तिथे सरकार ठरवतं. पाटी लावलेली असते, गाडी उभी करायला आखलेली जागा असते. लोक तिथे थांबतात, फोटो काढतात, ‘वाव’ म्हणतात आणि जातात. पाटीच्या अलीकडे फर्लांगभरावर तोच डोंगर तसाच उभा असतो, पण तिथे कुणी मान वळवत नाही. एका गावात आम्हांला मुद्दाम थांबून एक लाकडी झोपडी दाखवण्यात आली. तिच्याभोवती साखळी होती आणि बाहेर पितळी फलक. झोपडी शंभर वर्षांची होती. माझ्या शाळेतला पाण्याचा हौद तिच्यापेक्षा जुना आहे आणि आम्ही अजून त्याचं पाणी पितो.

त्याच गावात एका खाणावळीत वाढणाऱ्या बाईनं माझ्या पातळाकडे बघून विचारलं, “तुम्ही कुठल्या ट्राइबच्या?”

वसंतराव घाईघाईनं इंडिया, कोलंबस असं सगळं समजावू लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बर्फानं काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. त्या पेल्यात पाणी शोधावं लागतं. जेवायला गवतासारखा पाला आला. कुसुमनं पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि टेबलाखालून माझ्या हातात दिली, तेव्हा त्या देशाला मी थोडी क्षमा केली.

ग्रीन रिव्हर

कॅनियनला जायचं तर मुक्काम ग्रीन रिव्हर नावाच्या गावात करावा लागतो. गाव म्हणजे एक रस्ता, दोन पेट्रोल पंप आणि टरबुजांचे ढीग. नदीकाठी टरबुजं-खरबुजं पिकतात. ती चांगली असतात. इथे मी हात टेकते. भीमेच्या वाळूतल्या टरबुजांवर वाढलेल्या बाईनं हे कबूल करणं सोपं नाही.

मोटेल एका गुजराती बाईंचं होतं, हंसाबेन त्यांचं नाव. नवरा खोल्यांचे नळ दुरुस्त करीत फिरत होता आणि ह्या काउंटरमागे बसून वाटाणे सोलत होत्या. मला बघताच त्या हिंदीत म्हणाल्या, “बहेन, चहा टाकते. इथला पिऊ नका, पाणी असतं नुसतं.” आम्ही चित्रं बघायला आलो आहोत म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं त्या तिथे होत्या, पण कॅनियनला कधी गेल्या नव्हत्या. “जे जातात ते परत येऊन दोन-दोन वेळा आंघोळ करतात. माझं गरम पाणी संपतं,” त्या म्हणाल्या. त्या सबंध प्रवासात मी ऐकलेलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य ते हेच असेल असं मला तेव्हा वाटलं.

सकाळी उजाडताच निघायचं ठरलं होतं. पण वसंतरावांना कॅमेऱ्याच्या भिंगांपैकी कुठली घ्यायची हे ठरेना, मग तिपाईचा स्क्रू सापडेना. आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. डांबरी रस्ता सोडल्यावर कच्चा रस्ता लागला, धुळीचा आणि वाळूचा, इतका लांब की दोनदा वाटलं आपण चुकलो. वाटेत चार गाई दिसल्या. त्या काय खात होत्या हे त्यांनाच ठाऊक.

कॅनियन

कॅनियन म्हणजे नदीनं खडक कापून केलेली खोल घळ. आपण सपाट माळावर उभे असतो आणि एकाएकी पायाखालची जमीन संपते. खाली तांबड्या भिंती, तळाशी कोरडं वाळूचं पात्र, मधून मधून हिरवी झाडं. चित्रांना हात लावू नका, एवढं सांगणारा एक बोर्ड सोडला तर इथे पाटी नव्हती, साखळी नव्हती, आखलेली जागा नव्हती. मला ते दृश्य आवडलं, पण वसंतराव शेजारी उभे राहून “आहे की नाही, ताई? आहे की नाही?” असं विचारत होते, म्हणून मी बोलले नाही.

खडकावरून घसरत, वाळूत रुतत आम्ही उतरलो. माझ्या पायांत कुसुमनं घेतलेले कॅनव्हासचे बूट होते आणि डोक्यावर माझी बार्शीची काळी छत्री. पाण्याचे दोन मोठे प्लास्टिकचे कॅन कुसुमच्या पाठीवरच्या पिशवीत. वसंतरावांच्या पाठीवर कॅमेरा, भिंगं आणि तिपाई. पाणी जड असतं असं मी म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, पाणी येताना हलकं होतं. इक्विपमेंट होत नाही.” इंजिनिअर माणूस. हिशेब बरोबरच होता.

पात्रातून चालताना एक कॅन संपला. वाळूत एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतं. वारा नव्हता. भिंतींवर मध्येच लहान चित्रं दिसत, वसंतराव लांबूनच त्यांना हात करून “मेन गॅलरी पुढे आहे” म्हणून पुढे जात. शेवटी एका वळणावर ती भिंत आली.

मी खरं ते सांगते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आमच्या बार्शीचा भुसार बाजार आठवला. तिथे पोती जशी एका ओळीत उभी करून ठेवतात, तशा त्या आकृती उभ्या होत्या. वाळलेल्या रक्तासारखा तांबडा रंग. खांदे रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या. हात नाहीत, पाय नाहीत. काहींना डोळे म्हणून नुसत्या दोन पोकळ्या. एक सगळ्यांत उंच, फिकट, भुतासारखी. माणसाएवढ्या, काही माणसाहून मोठ्या. याच्यासाठी तीन राज्यं ओलांडून आलो, असं माझ्या मनात आलं. आमच्या पाचवीतल्या मुली हातापायांसकट माणूस काढतात.

पण मी छत्री मिटली, हेही खरं. का मिटली ते सांगता येत नाही. देवळात शिरताना मिटतात तशी.

वसंतरावांची मात्र धांदल उडाली होती. तिपाई उभी झाली, भिंगं बदलली गेली. “कुसुम, तिथे खाली उभी राहा. नाही, थोडी डावीकडे. स्केल यायला हवी, नाहीतर लोकांना साइझ कळणार नाही.”

“अहो, मला बघू तरी द्या,” कुसुम म्हणाली.

“नंतर बघ. आत्ता प्रकाश आहे.”

कुसुम भिंतीला पाठ करून उभी राहिली. पाठीवरची पिशवी उतरवून तिनं खाली ठेवली होती, तोंडावर ऊन येत होतं आणि ती डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघत होती. एका आकृतीपाशी झाल्यावर दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी “हलू नकोस.” बावीस वर्षांच्या संसारात मी तिला अशीच पाहत आले आहे, पण ते इतक्या स्पष्टपणे मांडून कुणी दाखवलं नव्हतं.

शेवटी वसंतराव कॅमेऱ्यातून डोकं वर काढून नाराजीनं म्हणाले, “रंग डल येतोय.” मग पुढे होऊन त्यांनी पिशवीतला पाण्याचा दुसरा कॅन काढला. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दगड ओला केला की जुना रंग उजळून येतो.

“वसंतराव, ते पिण्याचं पाणी आहे,” मी म्हटलं.

“थोडंसंच, ताई. वर गाडीत बर्फाचा कूलर भरून ठेवलाय.”

“गाडी वर आहे. आपण खाली आहोत.”

“आणि त्याला पाणी लावायचं नसेल,” कुसुम म्हणाली. “हात लावू नका म्हणून वर बोर्ड होता.”

“हात कुठे लावतोय?”

त्यांनी टोपी उलटी करून तीत पाणी ओतलं आणि कठड्यावर चढून हाताशी असलेल्या एका लहान आकृतीवर भिरकावलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, कारण वरचा भाग राहिला होता. रंग उजळला, हे मी नाकारत नाही. इतका वेळ झोपलेलं कुणी दचकून उठावं तशी ती आकृती भिंतीतून पुढे आली. वसंतरावांनी खटाखट फोटो घेतले. “हा शॉट बघा तुम्ही दिवाळीत,” ते म्हणाले. कॅनच्या तळाशी दोन पेले पाणी उरलं होतं.

तेवढ्यात पात्रातून एक अमेरिकन जोडपं आलं. दोघंही म्हातारे, उन्हानं रापलेले. आयडाहोहून आलो असं म्हणाले, तो वॉल्टर आणि ती डोरिस. डोरिसनं माझ्या छत्रीचं कौतुक केलं. वॉल्टर भिंतीपाशी गेला, टोपी काढून हातात धरली, आणि बघता बघता त्या ओल्या आकृतीपाशी थांबला. पाण्याचे ओघळ अजून खाली येत होते.

“हे कुणी केलं?” त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

वसंतराव भिंग पुसत होते. “मे बी इट रेन्ड,” ते म्हणाले.

त्या घळीत, त्या आकाशाखाली, एका इंजिनिअरनं हे उत्तर दिलं. मी तोंड उघडणार तोच कुसुमनं माझा हात घट्ट धरला. नवऱ्याची शोभा परक्यांपुढे नको, एवढंच तिच्या त्या पकडीत होतं. वॉल्टरनं आकाशाकडे बघितलं, वसंतरावांकडे बघितलं आणि तो बायकोजवळ जाऊन बसला. वसंतरावांना आता निघायची फार घाई झाली. कुसुमचं बघणं राहिलं ते राहिलंच.

परतताना ते दोन पेले आम्ही तिघांत घोट घोट करून संपवले. वाळू संपून चढ सुरू झाला तिथे सावलीचं नाव नव्हतं. कुसुम आधी गप्प झाली, मग मागे पडू लागली. मी वळून बघितलं तर ती खडकावर बसली होती आणि तिचा चेहरा लालबुंद, पण कोरडा होता. सोलापूरकडच्या माणसाला ऊन लागलेलं ओळखायला डॉक्टर लागत नाही. तिनं एकदा ओकारी काढली, पोटात काही नव्हतं. पायांत गोळे आले होते.

“मी वरून पाणी आणतो,” वसंतराव म्हणाले आणि चढायला लागले. ते घाबरले होते. थोडं वर जाऊन तेही धापा टाकत थांबले, मग पुन्हा चालू लागले. मी छत्री उघडून कुसुमवर धरली, पदरानं वारा घालत राहिले. तिला मी म्हणाले, “बोलत राहा माझ्याशी.” ती म्हणाली, “काय बोलू, ताई?” मी तिला पाढे म्हणायला लावले. ती सत्तावीसच्या पाढ्यात चुकली. लहानपणी ती कधी चुकत नसे.

आयडाहोचं ते जोडपं मागून येऊन पोचलं. काही विचारायची त्यांना गरज पडली नाही. शेवटच्या चढासाठी राखून ठेवलेली बाटली डोरिसनं काढली. आधी रुमाल भिजवून कुसुमच्या मानेवर ठेवला, मग एकेक घोट पाजत राहिली, मधे मधे खारं बिस्किट. सबंध बाटली तिनं तिला दिली. स्वतःला ठेवलं नाही. मी “तुम्हांला?” म्हणून खूण केली तर तिनं नुसता माझा दंड थोपटला. मला त्या देशात नावं ठेवायला खूप काही सापडलं होतं. त्या बाईत सापडलं नाही.

हळूहळू कुसुमला घाम फुटला. डोरिसनं आणि मी दोन बाजूंनी धरून तिला चढवत नेलं. वरच्या वळणावर वसंतराव कूलरमधले थंड पेयांचे डबे छातीशी धरून उतरताना भेटले. ते खरंच रडवेले झाले होते. त्यांनी दहा वेळा थँक यू म्हटलं आणि एक डबा वॉल्टरपुढे केला.

वॉल्टर म्हणाला, “राहू द्या. तुम्हांला कशावर तरी ओतायला लागेल.”

तो हे अगदी मऊपणे म्हणाला आणि चालू लागला. मी आयुष्यभर मुलींना टोमणे मारले आहेत. टोमणा कसा असावा हे मला त्या दिवशी कळलं. वसंतरावांनाही यातली खोच, बहुधा पहिल्यांदाच, कळली असावी. कुसुमनं ते ऐकलं होतं. गाडीत ती डोळे मिटून पडून राहिली, पण झोपली नव्हती.

मोटेलवर हंसाबेननी मीठ-जिरं घातलेलं ताक केलं, कुसुमच्या तळपायांना कांदा चोळला आणि वसंतरावांना गुजरातीत जे काही सुनावलं ते मला शब्दशः कळलं नाही, पण चाल ओळखीची होती.

पुन्हा

दुसरा दिवस कुसुम पडून होती. तिसऱ्या दिवशी आमचं लास व्हेगसला जायचं ठरलेलं होतं. सकाळी वसंतराव सामान बांधायला लागले तेव्हा ती पलंगावर बसून बूट घालत होती. ते उन्हातले बूट.

“मला चित्रं बघायची आहेत,” ती म्हणाली.

“कुठली?”

“तीच.”

“एकदा बघितलेलं परत काय बघायचं?”

“मी बघितलेलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते.”

“अगं, स्लाइड्स येतील ना! त्यांत बघ.”

“त्यांत मधे मीच असणार,” कुसुम म्हणाली. हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली. “ताई येईल माझ्याबरोबर. तुम्ही आराम करा. किल्ली द्या.”

वसंतरावांनी रस्ता किती खराब आहे ते सांगितलं, तिची तब्येत सांगितली, व्हेगसचं बुकिंग सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही तरी समजवा तिला.”

“मी पाणी भरतेय,” मी म्हटलं.

त्यांना आमच्याबरोबर येता आलं असतं. कुसुम थोडी थांबलीही, असं मला वाटलं. पण त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि टीव्ही लावला. एक जाडा मनुष्य पडद्यावर कुठलंसं चक्र फिरवत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

कुसुम रोज ह्यूस्टनच्या रस्त्यांवरून नोकरीला जाते. त्या धुळीच्या रस्त्यावर तिनं गाडी अशी नेली की मला एकदाही दाराचा दांडा धरावा लागला नाही. ऊन चढायच्या आत आम्ही पात्रात होतो. हंसाबेननी थेपले दिले होते, आणि पाणी इतकं होतं की आमच्या पाठी वाकल्या. वाटेतल्या ज्या लहान चित्रांना वसंतरावांनी लांबून हात केला होता, त्या प्रत्येकापाशी ती थांबली.

मोठ्या भिंतीसमोर आम्ही वाळूत बसलो. कुणी नव्हतं. एक पक्षी वरून खाली उतरत्या सुरात ओरडत होता आणि त्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. कुसुम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली, मग परत आली. मी तिच्याकडे बघत होते, आणि मग तिच्यामुळे भिंतीकडे.

“ताई, यांना हात का नसतील गं?”

“काढणाऱ्याला जमले नसतील.”

“इकडे ये.” तिनं मला एका आकृतीपाशी नेलं. हात न लावता, लांबूनच, तिनं दाखवलं. त्या आकृतीच्या छातीत अगदी बारीक दोन माणसं काढलेली होती, बोटाएवढी, समोरासमोर उभी. त्यांना हात होते. हातांत काहीतरी धरलेलंही दिसत होतं. “एवढ्याशांना हात काढले,” कुसुम म्हणाली, “तर मोठ्यांना मुद्दामच दिले नाहीत.”

भुसार बाजारातली पोती मी मनातल्या मनात परत घेतली. ही माणसं कुणी काढली, कशासाठी, ते तिथे कुणालाच ठाऊक नाही. कुणी सांगितलंच तर ते वसंतरावांसारखं छातीठोक सांगत असणार. एवढं मात्र समजलं की काढणारा घाईत नव्हता.

मग ती त्या लहान आकृतीपाशी गेली. पाणी केव्हाच सुकलं होतं. पण जिथपर्यंत ओघळ गेले होते तिथे दगडातलं मीठ वर येऊन एक पांढुरकी कड उमटली होती, भांड्यातलं दूध आटल्यावर उमटते तशी. आकृतीच्या कमरेवरून ती वाकडी खाली गेली होती. मी अभावितपणे पदर पुढे केला. कुसुमनं माझं मनगट धरलं. “नको, ताई. पुसायलाही नको.”

आम्ही थेपले खाल्ले. ती एकदा म्हणाली, “डोरिसनं मला पाणी दिलं तेव्हा तिला ठाऊक होतं, भिंतीवर पाणी कुणी ओतलं ते.” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि मी ते प्यायले.”

वर येईतो दुपार झाली होती, पण या वेळी आम्ही दोघी आपापल्या पायांनी आलो. आमच्या गाडीशेजारी सरकारी ट्रक उभा होता आणि रेंजरच्या गणवेशातली एक तरुण मुलगी पाटीवरची धूळ झटकत होती. कुसुम गाडीकडे न जाता सरळ तिच्याकडे गेली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. वसंतरावांना टपालानं दंडाची नोटीस आली. त्यांनी दंड भरला आणि मंडळात तो गाडी जोरात चालवल्याचा म्हणून सांगितला. दिवाळीत स्लाइड शो झाला, तो फोटो त्यांनी दाखवला नाही. कुसुमशी ते काही आठवडे बोलत नव्हते, मग बोलायला लागले. मी डिसेंबरात बार्शीला परतले तेव्हा विमानतळावर सोडायला दोघंही आले होते आणि गाडी कुसुम चालवत होती.

तर त्या माळावर कुसुम त्या मुलीला इंग्रजीत म्हणाली, “परवा खाली मोठ्या भिंतीवर एका चित्रावर पाणी टाकलं गेलं. डाग पडला आहे. मला ते सांगायचं आहे.”

मुलीनं टोपी मागे सारली. “कुणी टाकलं, तुम्ही बघितलं?”

“हो. माझ्या नवऱ्यानं.”

मुलगी खिशातून पेन काढून म्हणाली, “त्यांचं नाव सांगाल?”

आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात एकदा उखाण्यात घ्यायचं, तेही चारचौघींनी अडवून धरल्यावर, तोंडात रुमाल धरून. इतकी वर्षं अमेरिकेत राहून, नोकरी करून, पँट घालून, कुसुमच्या तोंडी ‘हे’ आणि ‘माय हजबंड’ याखेरीज तिसरा शब्द मी ऐकला नव्हता. आताही ती थांबली. तिचे ओठ हलले आणि मिटले. मला वाटलं ती माझ्याकडे बघेल आणि मग मलाच सांगावं लागेल. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“वसंत,” ती म्हणाली.

“व्हॅसंट?”

“नाही,” कुसुम म्हणाली, आणि माझ्या पाचवीच्या वर्गात जसं मी फोड करून सांगते तसं तिनं सांगितलं, “व. सं. त.”

“वॉ-सँट.”

“वसंत,” कुसुम पुन्हा म्हणाली, आता मोठ्यानं, आणि त्या मुलीला ते नीट म्हणता येईपर्यंत तिनं सोडलं नाही.